अडखळणारी जागा

लेकीच्या रांगण्याचा सकाळीच काढलेला व्हिडिओ एडिट करायला बसलो, तर आमचा जुना कॉम्प्युटर दरवेळी नेमका एकाच जागी अडखळायचा आणि पुढची दोनेक सेकंदं गिळून टाकायचा. प्रोसेसर म्हातारा झालाय म्हणत, तुलना करायला मेहुण्याचा नवा कॉम्प्युटर आणून बेडरूममधल्या टेबलावर शेजारीच मांडला. त्यावर तीच क्लिप लोण्यासारखी सरकली.

जुन्यानं गिळलेल्या जागी लेक याच खोलीतल्या कपाटापुढून रांगत होती. तिच्यामागे कपाटाचं किलकिलं दार चार बोटांनी आतून हळूच ओढून घेतलं.

ते कपाट आता माझ्या खुर्चीमागे होतं. तेवढ्यात लेकीला कडेवर घेऊन बायको दारात आली आणि जागीच थिजली.



"अहो," ती पुटपुटली, "मागे न बघता इकडे या."