पायाचं माप

"वहिनी, हा पाय प्रशीलभाऊंचा नाही," मोईज म्हणाला.

संघमित्रा हसली. काउंटरवर तिने आणलेला वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. दुपारी नवरा झोपला असताना तिने त्याच्या तळव्याला हळूच कागद लावला होता आणि भोवतीने पेन्सिल फिरवली होती. वाढदिवसाची भेट होती. त्याला आधी कळू द्यायचं नव्हतं.

मोईजचं जळगावातलं दुकान डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं. तिने आधी सॅक बघितली, मग घडीची काठी, मग कपाळाला बांधायची बॅटरी. शेवटी मोईजच म्हणाला, "डोंगरवेड्या माणसाला बूट द्या. बाकी सगळं तो हौसेने घेतो, बूट मात्र फाटेपर्यंत ओढतो." मग त्याने कागद पाहिला.

"त्यांचे आधीचे बूट मीच दिलेत. आठ नंबर. हा दहाच्या पुढचा आहे. आणि हे अंगठ्याशेजारचं बोट बघा, अंगठ्याच्या पुढे गेलंय. त्यांचं असं नव्हतं. मोठ्या माणसाचा पाय वाढत नाही, वहिनी."

"कागद सरकला असेल," ती म्हणाली. पण कागद सरकला नव्हता. ते तिला माहीत होतं.

प्रशील पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता. रविवार आला की शिरपूरच्या पुढे, सातपुड्यात. नेहमी एकटा. घरात असला तरी घरात नसायचा. एकदा त्याची आई, लिलाबाई, न्हाणीघरात पडली. तिचं कण्हणं ऐकत तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. "तू बघ तिला," एवढंच संघमित्राला म्हणाला आणि जिना उतरला.

भर श्रावणात तो असाच गेला आणि परतला नाही. पोलीस, वनखात्याची माणसं, पाड्यांवरचे लोक, सगळ्यांनी डोंगर पालथा घातला. लोक समजूत घालायला यायला लागले होते. आणि एका सकाळी तो दारात उभा. अनवाणी. कमरेला कुणाचं तरी जुनं धोतर. चेहरा तोच, आवाज तोच, भुवईवरचा लहानपणचा व्रणही तोच. "वाट चुकलो होतो," म्हणाला. लिलाबाईने त्याला पोटाशी धरलं तेव्हा तो रडला. प्रशीलला रडताना संघमित्राने कधीच पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून तो डोंगरात गेला नाही. बाजारातून भरिताची वांगी पारखून आणायचा. आईच्या गुडघ्यांना तेल लावायचा. संघमित्रा शाळेतून शिकवून आली की विचारायचा, "दमलीस?" लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हे कुणी तिला विचारलं नव्हतं. मरण बघून आला, माणूस सुधारला, असं शेजारी म्हणत. तीही तसंच म्हणे. फक्त तो गल्लीतून निघाला की कुत्री भुंकायची थांबत आणि भिंतीला चिकटून बसत. वीज गेली की सगळं घर चाचपडायचं. तो मात्र काळोखात सरळ चालत जाई आणि मेणबत्ती आणून तिच्या हातात देई. संध्याकाळी गच्चीवर उभा राहून तो उत्तरेकडे बघत राही. त्याला डोंगराची ओढ लागली असेल, असं तिला वाटलं. म्हणून तर ती दुकानात आली होती.

मोईज दोन खोकी घेऊन उभा होता. "कोणते देऊ? आठचे की..."

संघमित्रा कागदाकडे बघत राहिली. मोईजला वाटलं, ती आता उठून जाईल.

"कागदावरच्या मापाचे द्या," ती म्हणाली.

वाढदिवसाला त्याने खोकं उघडलं. पाय आत घातले. बूट अचूक बसले. त्याने नाड्या सावकाश बांधल्या, नुकतं शिकल्यासारख्या. मग तिच्याकडे वर पाहिलं.

"तू माप घेतलंस?"

"हो."

"आणि तरी आणलेस?"

"चावत नाहीत ना?" तिने एवढंच विचारलं आणि चहा टाकायला आत गेली.

थंडी पडली. एका रविवारी दुपारी फोन वाजला. भाजी निवडताना हात भरलेले, म्हणून संघमित्राने स्पीकर लावला. शिरपूरकडच्या एका पाड्यावरून धनसिंग नावाचा माणूस बोलत होता.

"बाई, इथं नाल्यात एक माणूस सापडलाय. अंगावर रेनकोट, कपडे ओलेचिंब. आमच्याकडं तर दिवाळीपासून थेंब नाही. नाव प्रशील सांगतो. म्हणतो, कालच वाट चुकलो. पायाला लागलंय. सारखा तुमचा नंबर सांगतो."

मागून आवाज आला. "ए, ऐकतेस का? गाडी पाठव लवकर."

बोलण्याची ती तऱ्हा तिने ओळखली. जगात दुसऱ्या कुणाची ती नव्हती.

इकडे खोलीत तो जमिनीवर बसून लिलाबाईच्या गुडघ्यांना तेल चोळत होता. त्याचे हात थांबले. तो उठला नाही. पळाला नाही. मान खाली घालून बसून राहिला, निकालाची वाट बघणाऱ्या आरोपीसारखा.

संघमित्राने सासूकडे पाहिलं. आता म्हातारी हंबरडा फोडेल, याच माणसाला ढकलून देईल, असं तिला वाटलं. लिलाबाईने फोन मागितला. तो तोंडाजवळ धरला.

"आई?" पलीकडून आवाज आला. "आई, मी बोलतोय."

लिलाबाईच्या गालांवरून पाणी ओघळलं. बराच वेळ ती तो आवाज ऐकत राहिली. मग तिने दुसरा हात पुढे केला आणि पायाशी बसलेल्याच्या डोक्यावर ठेवला.

"धनसिंगभाऊ, नंबर चुकना तुमना," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "मना पोऱ्या घरमाच शे."