लखलखीत कडं

लढाईच्या साली तिकोणा पेठेत नवी विहीर खणायला घेतली, तर कातळातून ऊन पाणी फुटलं. त्याला नासक्या अंड्यांचा वास यायचा, आणि त्याच्या वाफेनं खाली उतरणाऱ्यांच्या अंगावरची चांदी काळीठिक्कर पडायची. धोंडाबाई रोज सांजेला नवऱ्याचं कडं राखेनं घासून द्यायची.

आज गेणू घरी आला, तेव्हा कडं लखलखत होतं.

"आज खाली उतरला न्हाई व्हय?" हातातली राख तशीच धरून तिनं विचारलं.

"गेलतो की. पार तळाला."

त्या शब्दांबरोबर त्याच्या तोंडातून विहिरीचा वास आला.

धोंडाबाई भिंतीपर्यंत मागं सरली. तो एकेक पाऊल जवळ येत गेला, तशी तिच्या पायातली जोडवी काळी पडत गेली.