एक दाढी

अर्धांगवायूतून उठल्यावर न्हाव्याने ठरवलं, महिन्याभरात दुकान पूर्वीसारखं चालवायचं. लेकीने ते ध्येय छाटून बोटभर केलं, “बाबा, आधी एक दाढी. तीही रक्त न काढता.” मग फुग्यांना साबण फासून तो वस्तरा फिरवत बसला. अकरा फुगे फुटले, बारावा टिकला. म्हणून आज मेव्हणा आपणहून खुर्चीत बसला. “भाऊजी, मी फुगा नाही हां,” तो हसला, पण मुठी आवळून. दोन्ही गाल साफ झाले. न्हाव्याचा जीव भांड्यात पडणार, तोच वस्तरा गळ्याशी आला आणि मनगट लटपटलं. आरशात लेक श्वास रोखून उभी होती. थांबलो तर दुकान संपलं, या भीतीने हात आणखीच थरथरू लागला. शेवटी त्याने वस्तरा मिटला. “आज एवढंच.” मेव्हण्याने गालांवरून हात फिरवला. बोटांना रक्त लागलं नव्हतं. “मग गळ्यासाठी उद्या किती वाजता येऊ?”