सातपुत्यांचं मोठं मन

"तो झाडे नको म्हणजे नको! भर सामन्यात प्रेक्षकावर खुर्ची फेकणारा माणूस आपल्या संघात घ्यायचा?" क्लबचे अध्यक्ष देवतळे टेबलावर हात आपटत म्हणाले.

"पण देवतळेभाऊ, असा बास्केटबॉल खेळणारा दुसरा विदर्भात आहे कोण?" कुणीतरी ओरडलं. क्लबच्या जुन्या चाहत्यांचा वाद तासभर चालला होता. शेवटी देवतळ्यांनी सातपुत्यांकडे बोट दाखवलं. "खुर्ची यांच्या खांद्यात बसली होती. यांनाच ठरवू द्या."

सातपुत्यांना तो सामना आठवला. त्या दिवशी झाडे मुंडण केलेल्या डोक्यानं खेळायला उतरला होता. आई गेली होती त्याची. ते ठाऊक असूनही, त्याचा नेम चुकावा म्हणून, सातपुत्यांनी गॅलरीतून त्या आईवरूनच घाणेरडी शिवी हासडली होती. गोंगाटात ती फक्त झाडेला ऐकू गेली. वर्षभराची बंदी आली, तरी ती शिवी त्यानं कुणापुढे उच्चारली नाही.

"घ्या त्याला," सातपुते उभे राहून म्हणाले. "चूक त्याची नव्हती."

"याला म्हणतात मोठं मन!" देवतळ्यांनी त्यांना मिठीच मारली. टाळ्या कडाडल्या. खरं ते सातपुत्यांच्या ओठांवर आलं होतं. टाळ्या थांबेपर्यंत ते उभे राहिले, आणि मग तसेच खाली बसले.