मेलेसियोच्या घरी मागणी

"डुक्कर वाकडं धरू नका रे! पाठीची साल फुटली तर मेलेसियो आधी तेच बघेल!"

क्रिस्पुलो असा ओरडला, तसे भाजलेल्या डुकराचा बांबू खांद्यावर घेतलेले दोघे चुलतभाऊ चढावर थांबले. मागून नारळाच्या पातीत शिजवलेल्या भाताच्या माळा येत होत्या, पाण्याचे कॅन, सरपणाची मोळी. आर्गावच्या डोंगरात मागणी घालायला जायचं, तर मुलीकडच्यांच्या चुलीतलं लाकूडसुद्धा खर्ची पडता कामा नये.

मेलेसियोच्या मुलीचे, नियेवेसचे, हाँगकाँगला कामाला जायचे कागद तयार होते. आज होकार आला तर ती थांबणार, नाहीतर सोमवारी निघणार. पुन्हा विचारायची सोयच नव्हती.

नळावरच्या बायकांनी त्याच्या मुलाला, जुनरेलला, बरोबर हेरलं. नवा पांढरा शर्ट आणि पडलेलं तोंड.

"अगं बाई, नवरदेवाचा चेहरा बघा! आत्ता रडेल गं!"

जुनरेल कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट चालत राहिला.

"गप बसा, बादल्या भरा आपल्या," नॉन्ग इस्तोय खेकसला. सगळं गाव त्याला नॉन्ग, म्हणजे थोरला दादा, म्हणायचं. मागणीत बोलायला त्यालाच आणलं होतं, कारण जुनी, वजनदार सेबुआनो बोली आता त्याच्याइतकी कुणाला येत नव्हती.

दारात उभं राहून त्याने "आयो!" अशी हाक दिली. मेलेसियोने सगळ्यांना आत घेतलं. जुनरेलने नमस्कार म्हणून वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. क्रिस्पुलोही वाकला, पण मेलेसियोने हात मागे घेतला.

स्वयंपाकघराचा फुलाफुलांचा पडदा ओढलेला होता. त्यामागे नियेवेस आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिकडे बघायचं नाही हेही.

"आमच्या अंगणात झाड आहे, पण सावली नाही..." इस्तोयने घसा खाकरून सुरुवात केली.

"इस्तोय, तू जेव," मेलेसियो म्हणाला. "ज्याच्या घरी जायचं त्याने बोलावं. या घरातून एकदा न विचारता नेलंय. आता दारात येऊन कुणी विचारतंय, तर मी पुरतं ऐकणार. आणि मोठाले शब्द नकोत, रोजचे घेऊ. क्रिस्पुलो, दुकोत म्हणजे काय?"

"भांड्याच्या बुडाला लागलेला भात, ताताय," तो म्हणाला; वडीलधाऱ्याला ताताय, म्हणजे बाबा, म्हणायचं. "खरपुडी."

"ते शेंबडं पोरही सांगेल. तुझ्या घरात दुकोत म्हणजे काय?"

क्रिस्पुलो सावकाश म्हणाला, "सगळ्यांना वाढून झालं की बाईने खायचा भात. मला आवडतो, असं म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. आता मी शिजवतो, मीच खरवडून खातो." तो थांबला. "नाही आवडत, ताताय. कुणालाच आवडत नसणार."

"म्हणजे घरात बाई नाही."

"नाही. खूप वर्षं झाली."

"आणि असल्या घरात मी माझी पोरगी धाडू?"

इस्तोयला ठसका लागला. जुनरेलने टेबलाखाली बापाचा गुडघा घट्ट धरला.

"हुलात?" मेलेसियोने पुढचा शब्द टाकला.

"वाट बघणं." क्रिस्पुलोची मान खाली गेली. "माझ्या घरात... झाकून ठेवलेलं ताट. माणूस कोंबड्यांच्या झुंजीत बसलेला, आणि इकडे ताटाला मुंग्या. तरी ताट उचलायचं नाही. का उचलत नाहीस, असं वर मीच ओरडायचो."

डुकराला अजून कुणी सुरी लावली नव्हती. क्रिस्पुलोला वाटलं, संपलं सगळं, आता हे पाणीसुद्धा परत न्यायला सांगणार.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. "उली म्हणजे काय, तेही विचारा त्यांना."

क्रिस्पुलोची मान वर झाली. इस्तोयने आठवडाभर घोकून घेतलेलं वाक्य अगदी ओठावर होतं, आणि आयत्या वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना.

"उली म्हणजे घरी परतणं," तो पडद्याकडे बघून म्हणाला. आता रीत गेली खड्ड्यात. "मला वाटायचं, दारातून पाय आत टाकला की झालं. आता रोज टाकतो. दिवा मीच लावतो, जिन्यावरून मीच खाकरतो, मीच ऐकतो. ह्याला उली म्हणत नाहीत, एवढं कळलंय मला. पुढचं तू आलीस तर कळेल. नाही आलीस तर राग नाही. तेवढं तोंडाने विचारायला आलो होतो, नियेवेस."

आतून फक्त कपाटाचं दार वाजलं. इस्तोय हळूच म्हणाला, "चल, उठू या," आणि क्रिस्पुलोने डोळे पुसले.

मेलेसियोने मात्र सुरी उचलली आणि डुकराची पाठ कापायला घेतली. "बसा," तो म्हणाला. "जेवून जा. तिलाही रिकाम्या पोटी नेऊ नका."

पडदा बाजूला झाला. नियेवेस कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. जुनरेल खुर्ची मागे ढकलून उठला, पुढे झाला आणि वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला.

"पिशवी माझ्याकडे दे, आई."