वहिनीले विचार

चुनीलालजींनी हिंगणघाटला वेणा नदीच्या काठी कापसातली सरकी काढायचे जिनिंग उभारले. त्यांचे पुत्र ताराचंदजी यांनी गाठी बांधायची प्रेस आणली. ताराचंदजींचे पुत्र मोतीलालजी यांनी सरकीचे तेल काढायला सुरुवात केली आणि अकाली गेले. त्यांच्या माघारी सारा पसारा ज्यांनी सांभाळला, त्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई आज सकाळी वजनकाट्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या आणि समोर नत्थू मुकादम हात जोडून, पण हसत उभा होता.

त्याला गुरुवारची सुट्टी हवी होती. मुलीला घेऊन केळझरच्या गणपतीला जायचे होते. असली परवानगी बाई नुसती मान हलवून देत. कोणाची रजा, कोणाच्या भांडणाचा निवाडा, सगळे याच बाकावर होई, आणि एका शेडचा कारभार होता तोवर ते शोभूनही दिसे. यंदा दसऱ्याला हायवेलगत दुसरे युनिट सुरू झाले. माणसे इतकी वाढली, की निम्म्यांची नावेसुद्धा बाईंना ठाऊक नव्हती. कोणी केव्हा रजा घ्यायची आणि त्याच्या जागी कोण उभे राहायचे, हे आता सूनबाई आचल, म्हणजे कामगारांची वहिनी, ठरवी. लोक मात्र तिच्या दारावरून वळून बाकाकडेच येत.

गेल्या आठवड्यात बाईंनी सवयीने प्रेसवरच्या तिघांना एकाच दिवशी जाऊ दिले. प्रेस बंद राहिली आणि गाठी न्यायला आलेले ट्रक दिवसभर फाटकाबाहेर तिष्ठले. आचल भांडली नाही. जेवण वाढता वाढता तिने एवढेच सांगितले, की लोकांनी कोणाला विचारायचे हे एकदा ठरले नाही, तर ती नागपूरची आपली जुनी नोकरी पुन्हा धरील. पियुष खाली मान घालून जेवत राहिला. आपल्या मुलाला कापसाची पारख आहे, माणसांची नाही, हे बाईंना कोणी सांगायला नको होते. सून गेली, तर दोन युनिटे हाकण्याचे बळ आता त्यांच्या गुडघ्यांत उरले नव्हते, आणि मनातही.

"वहिनीले विचार," त्या नत्थूला म्हणाल्या.

"तुमी असतानी वहिनीले कायले विचारू, बाईजी? केळझरच्या गणपतीपाशी बी आता रांग लागते. तुमच्यापाशी तं नोका लावू."

आजूबाजूची माणसे हसली. एरवी बाईही हसल्या असत्या. त्या बाकाला हात टेकून उठल्या आणि आवार ओलांडून आचलच्या केबिनकडे चालू लागल्या.

केबिनच्या दारात यशोदाबाई उभी होती. शेडमध्ये कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांपैकी ती सर्वांत जुनी. बाईंना पाहून ती बाजूला सरली. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढं व्हा ना, बाईजी. आमाले लाजवता काऊन?"

"तुहा नंबर हाये. जा."

नत्थू आणि इतर माणसे हळूहळू दाराशी येऊन उभी राहिली. यशोदाबाई आपले काम सांगून बाहेर आली, तशा बाई आत गेल्या. आचल खुर्चीवरून उठू लागली. बाईंनी नजरेनेच तिला बसवले.

"उद्या मले देवळीले जाचं हाये. बहिणीचं ऑपरेशन झालं. गाडी पाहिजे. तुमी म्हणान तं नेतो."

सुनेला त्या आजवर 'तू' म्हणत आल्या होत्या. त्यांच्या मनात सारे ठरलेले होते: सून हो म्हणेल, माणसे पाहतील, आणि उद्यापासून तिच्याच दारी येतील. आचलने समोरच्या कॉम्प्युटरवर उद्याच्या गाडीची नोंद पाहिली.

"उद्या गाडी मिळणार नाही, आईजी. हैदराबादची पार्टी येते आहे, त्यांना स्टेशनवरून आणायचं आहे. परवा सकाळी पाठवते."

आवाज स्थिर होता. तिची बोटे मात्र पेनाचे टोपण पुन्हा पुन्हा काढत-लावत होती.

बाईंची कानशिले तापली. त्यांनी एक शब्द टाकला असता, तर ड्रायव्हर याच क्षणी गाडी घेऊन हजर झाला असता. हे दाराशी उभ्या असलेल्यांना ठाऊक होते, आणि आचललाही.

ती बोटे पाहता पाहता त्यांना स्वतःची बोटे आठवली. वैधव्यातला पहिला हंगाम. सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, साऱ्या मुकादमांदेखत आपल्या भाच्यासाठी वजनकाट्यावरची नोकरी मागितली होती आणि तिशीतल्या सुनेने, प्रमिलाबाईंनी, जमणार नाही म्हटले होते. तुळसाबाई 'बरं' म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. त्या दिवसानंतर प्रमिलाबाईंचा शब्द कोणी खाली पडू दिला नाही. त्याची परतफेड करण्याआधीच सासूबाई गेल्या.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. दाराशी जमलेली माणसे एकामागे एक उभी राहू लागली होती. नत्थू सर्वांत मागे होता, मान खाली घालून. तुळसाबाईंचे देणे पुरते फिटले होते, ऊन चढले होते, आणि घरापर्यंत आता गाडी न मागता पायीच जायचे होते.