रॉकेटचं टोक

"हेच ते!" कुमुदताई काचेच्या कपाटापाशी थबकल्या. गेल्या दिवाळीत घर आवरताना त्यांच्या सुनेनं विकून टाकलेलं पत्र्याचं रॉकेट आत दिमाखात उभं होतं. साठच्या दशकातलं, जपानी. जुनी खेळणी जमवणाऱ्या टिपणीसांनी ते मोठ्या खुशीत त्यांच्या हाती दिलं.

ताईंनी डोळे मिटून रॉकेटच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"इथं दातांच्या खुणा होत्या हो."

"कुणाच्या?"

"आमच्या बाळूच्या. धाकटा भाऊ माझा. हिरड्या शिवशिवल्या की हेच चावत बसायचा. दीड वर्षाचा असताना गेला. त्याचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे."

ते पोचे टिपणीसांनीच लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकून काढले होते. वर नवा लाल रंग दिला होता. आपल्या हातच्या सफाईचं कौतुक ते अजून मित्रांना सांगत होते.

"अहो, हे तुमचं नव्हेच," ते घाईनं म्हणाले. "तुमचं बेळगावच्या एका डॉक्टरांनी नेलं. जसंच्या तसं आहे."

"तरीच! एवढं गुळगुळीत कसं, म्हटलं." ताईंचा चेहरा उजळला. "नंबर द्या त्यांचा. मी जाऊन येते, नुसता हात लावून येते."

टिपणीसांनी तोंडाला येतील ते आकडे सांगितले. ताईंनी एका बोटानं ते मोबाइलवर दाबले.

"शेवटचे दोन राहिले बघा. परत सांगता?"

टिपणीसांना एकही आकडा आठवेना.